वीस विड्यांची दहा मिनिटं

टायपिंगला मिनिटाला तीस शब्द. एवढे जमले तर काय काय पदरात पडणार, याची यादी यल्लव्वाला पाठ होती. निपाणीच्या पतसंस्थेत लेकीला कायमची खुर्ची, डोक्यावर पंखा, आणि आपल्या मांडीवरचं विड्यांचं सूप एकदाचं माळ्यावर. घरच्या मोजणीत उपासनाचे तेहतीस भरत होते. म्हणजे तीन शब्द शिलकीतच. परीक्षा उद्या सकाळी.

आज मात्र क्लासमधल्या कॉम्प्युटरनं अठ्ठावीस दाखवले. दोनदा.

घरी जुन्या लॅपटॉपवर सराव चालायचा, पण घड्याळ लावत नसत. आकडे पळताना दिसले की उपासनाची बोटं अडखळायची. त्यावर तोड यल्लव्वानंच काढली होती. "मोबाईल पालथा घाल. धा मिनिटांत माझ्या वीस विड्या हुत्यात. तीस वर्सं झाली, एक इकडं न्हाय का तिकडं न्हाय. वीस झाल्या की थांब म्हनते."

आजही उपासनानं मोबाईल पालथा घातला. फक्त त्याआधी गुपचूप घड्याळ चालू केलं.

यल्लव्वानं विसावी विडी सुपात टाकली. "थांब गं!"

उपासनानं मोबाईल सुलटा केला. बारा मिनिटं.

"आई, मुद्दाम सावकाश वळत हुतीस?"

यल्लव्वा मोबाईलकडे बघत राहिली. मग हसली. चोरी पकडली गेली म्हणून हसावं तशी, पण जरा जास्तच खुशीत.

"व्हय. म्हटलं, पोरीला तेवढाच धीर यील."

"धीर! उद्या तितं कोण देणार हाय मला दोन मिनिटं जास्तीची?"

"बरं बाई, चुकलं. आता लाव घड्याळ. बघ माझा हात."

डब्याला टेकवून मोबाईल दोघींच्या मध्ये उभा केला. यल्लव्वानं पदर खोचला. उपासनानं कन्नड उतारा पहिल्या ओळीपासून घेतला.

आठव्या मिनिटाला तिची नजर तिरकी गेली. आईच्या कपाळावर घाम होता. पान गुंडाळलं जात होतं, पण दोरा बोटांतून निसटत होता. उजवा अंगठा वाकतच नव्हता. एवढ्या घाईत आई तिनं कधी पाहिली नव्हती, आणि एवढी सावकाशही.

मोबाईल वाजला. सत्तावीस. एक शब्द आईकडे बघण्यात गेला.

सुपात सोळा विड्या होत्या.

उपासना पडद्यात तोंड खुपसून चुका शोधत बसली. चुका नव्हत्याच, तरी शोधत बसली. शेजारी दुपारी बांधून ठेवलेल्या जुड्या होत्या, पंचवीस-पंचवीस विड्यांच्या. त्यांतल्या एकीचा दोरा सुटल्याचा बारीक आवाज आला. तिनं मान वर केली नाही.

"हं, मोज आता," यल्लव्वा म्हणाली.

उपासनानं एकेक विडी बोटानं सरकवत मोजली.

"वीस."

"मग? सांगत हुते न्हवं?"

"व्हय. कमी माझेच पडत्यात." तिनं मोबाईल पालथा घातला आणि उतारा पुन्हा पहिल्या ओळीवर आणला. "चल. परत."

यल्लव्वानं पान उचललं. सुटलेली जुडी तिनं पदराखाली सरकवली. पंचवीसातल्या एकवीस उरल्या होत्या.