झेंडा आणि जाळं

सागरी सुरक्षेत माणसाच्या जिवापेक्षा मोठं काहीच नसतं. म्हणून पाणबुड्याचा लाल-पांढरा झेंडा कॅमेऱ्याला दिसला की बिनचालकाच्या होडीचं इंजिन आपोआप बंद व्हायचं. हे कळताच मालवणच्या मच्छीमारांनी तोच झेंडा पाण्याखाली न दिसणाऱ्या आपापल्या जाळ्यांवर लावला. होड्या लांब राहायच्या, जाळी शाबूत. रेश्मा मेथरनेही दोन वर्षं लावला. शेवटी यंत्रणा शहाणी झाली आणि रोज दिसणारे झेंडे खोटे धरू लागली.

आज मात्र रेश्माचा नवरा विलास अडकलेला नांगर सोडवायला सिलिंडर बांधून खरोखरच खाली गेला होता, आणि पर्यटकांची बिनचालकाची होडी सरळ त्याच्या बुडबुड्यांवर येत होती.

"बाबल, थांबव रे! माजो घोव खाली आसा!"

होडीवर देखरेखीला बसलेला बाबल पडद्याकडे बघून ओरडला, "वयनी, मशीन म्हणता कोण नाय!"

"झेंडो दिसना नाय तुका?"

"तो कालय होतो! आनि माज्या हातात बटाण नाय गे!"

रेश्माने आपल्या होडक्यावरचा झेंडा उपटून हलवला, मग होडीसमोर फेकला. होडी त्याच्यावरून पुढे आली. तेव्हा तिने नवंकोरं जाळं उचललं आणि होडीच्या वाटेत पाण्यावर पसरून टाकलं.

होडी जागच्या जागी थांबली.

विलास वर आला, तोंडातली नळी काढली आणि म्हणाला, "नया जाळा पाण्यात कोणी टाकल्यान?"

बाबलच्या पडद्यावर नोंद उमटली होती: जाळं वेळीच दिसलं, इंजिनचा पंखा वाचला.