दाबलेली शिंक

शिंक येणार हे सिद्धेशला कळलं, तेव्हा गंधाली समोरच बसली होती. त्याने नाक दाबलं, श्वास कोंडला आणि खोकल्याचं सोंग केलं.

"सर्दी झालीय?"

"छे. ठसका लागला."

मुलुंडच्या त्या लॅबमध्ये तो दर शनिवारी तांब्याच्या मोठ्या वेटोळ्यात खुर्ची टाकून बसायचा. विजेच्या तारा, मोबाइल यांच्याभोवती जे विद्युतचुंबकीय क्षेत्र असतं, त्याचा रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींवर काही परिणाम होतो का, हे गंधाली तपासत होती. सिद्धेश लिफ्ट दुरुस्त करणारा. इमारतीची लिफ्ट अडकली म्हणून आला आणि प्रयोगाला धडधाकट तरुण हवेत म्हणून तिने त्यालाच धरलं. पहिल्या दिवशी रक्त घेतलं. पुढचं रक्त एकदम शेवटी, असं ती म्हणाली होती. शनिवारी लॅबमध्ये दुसरं कुणी नसायचं.

वेटोळं कधी गुणगुणायचं नाही, त्यावर दिवाही लागायचा नाही.

"हे चालू आहे ना?" त्याने एकदा विचारलं.

"ते तुम्हाला सांगायचं नसतं. काहींना चालू, काहींना बंद. चालू आहे म्हटलं की माणसाला उगाच मुंग्या यायला लागतात."

मग ती प्रश्न विचारायची. झोप कशी लागते, छातीत धडधडतं का. धडधडायचं, पण ते वेटोळ्यामुळे नव्हे, एवढं त्याला कळत होतं. मासे आवडतात का, हेही तिने गंभीरपणे विचारलं. विज्ञान फारच खोलात जातं बुवा, असं सिद्धेशला वाटलं.

"लॅबमध्ये बसायला इस्त्रीचा शर्ट कशाला रे लागतो?" विक्रोळीला घरी आई विचारायची. तो आरशासमोर कॉलर नीट करत राहायचा.

खरी अडचण वेगळीच होती. पहिल्या दिवशी "कसली अ‍ॅलर्जी?" असं गंधालीने विचारलं, तेव्हा अ‍ॅलर्जी असलेले प्रयोगात चालत नाहीत हे माहीत असूनही तो बेधडक नाही म्हणाला होता. खरं तर लहानपणापासून धुळीने त्याचं नाक वाहायचं आणि लिफ्टच्या खड्ड्यात धुळीशिवाय असतं काय?

शिंक दाबली त्याच शनिवारी चहा देताना गंधाली म्हणाली, "एक चुकीचा माणूस घुसला ना, तर सगळ्या प्रयोगाची वाट लागते."

तो चहा त्याला गेला नाही. गप्प बसावं तर तिची मेहनत पाण्यात, खरं सांगावं तर शनिवार कायमचा बंद. पण ती त्याला मनापासून आवडत होती. तिचं नुकसान करून तिच्यासमोर बसणं त्याला जमेना.

तिच्या तोंडावर सांगायचा मात्र धीर होईना. सोमवारी तो सरळ तिच्या प्रमुखांकडे, वनमाला मॅडमकडे गेला.

"मॅडम, मी खोटं बोललो. मला धुळीची अ‍ॅलर्जी आहे. माझे आकडे काढून टाका. गंधाली मॅडमची यात काही चूक नाही."

"नाव काय तुमचं?"

"सिद्धेश परब."

मॅडमनी कॉम्प्युटरवर बघितलं. चष्मा वर सरकवून त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या इस्त्रीच्या शर्टाकडे.

"तुमचं रक्त पहिल्याच दिवशी बाद झालंय. अ‍ॅलर्जीच्या पेशी इतक्या होत्या, की लपणार कशा? पुन्हा येऊ नका, हे तुम्हाला त्याच संध्याकाळी कळवायला मी गंधालीला सांगितलं होतं."