सरजाबाईची वेणीफणी

फणीचा पहिलाच हात फिरला आणि सरजाबाईनं डोकं झटक्यानं बाजूला घेतलं.

"राहू दे. आजपासून माझी मी इंचरीन."

पंचशीला फणी हातात धरून तशीच उभी राहिली. सासूचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. म्हणून चार वर्षं झाली, अंगणवाडीला निघायच्या आधी तिची वेणीफणी पंचशीलाच करायची. घरात कितीही भांडण झालं तरी त्यात खंड पडला नव्हता. आणि या खेपेला भांडण मोठं झालं होतं. पंचशीलाच्या लेकीला, पुनमला, बिलोलीचं स्थळ आलं होतं. पोरीचं नर्सिंग पुरं व्हायचंय म्हणून पंचशीलानं ते परत पाठवलं, तेव्हा सरजाबाई पाहुण्यांच्या देखत म्हणाली होती, "या घरात आता माझं कोण ऐकतंय? सून मालकीण झाली." त्यानंतर दोघींचं बोलणं कामापुरतंच उरलं होतं. आता हेही संपलं, असं पंचशीलाला वाटलं. तिनं फणी कोनाड्यात ठेवली आणि नायगावच्या रस्त्याला लागली.

सरजाबाईनं डाव्या हातानं केस कसेबसे गोळा करून सैल गाठ मारली. दोन दिवसांनी तिच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर आला. आयुष्यात कधी उघड्या डोक्यानं न बसलेली बाई दारात तशी बसू लागली. उशी नको म्हणाली. डोक्यावरून पाणी घेईना. रुसायलाही काही हद्द असते, असं पंचशीला मनात म्हणायची.

तरी एक दिवस तिला राहवलं नाही.

"आत्याबाई, डोकं दुखून राहिलं का?"

"आतून न्हाई. वरची कातडी हुळहुळती जराशी."

पंचशीलानं तिला उन्हात बसवलं आणि भांग पाडून पाडून बघितलं. उवा नव्हत्या, कोंडा नव्हता, कुठं पुळी नाही की चट्टा नाही. तिनं डोक्याचा साबण बदलला. खोबरेल कोमट करून आणलं, तर नुसतं बोट टेकताच सरजाबाई कळवळली. पंचशीलाचा नवरा अश्वजित एसटीवर ड्रायव्हर होता. तो म्हणाला, "म्हातारपणी असंच असतंय. जरा लाड पाहिजेत तिला." आणि ड्युटीला निघून गेला.

मग सरजाबाई भाकर अर्धी ठेवू लागली. दोन घास खाल्ले की जबडा धरून थांबायची. दाढ किडली असेल म्हणून पंचशीला भाकर दुधात कुस्करून देऊ लागली.

गुरुवारी दुपारी ती अंगणवाडीतून परतली तेव्हा सरजाबाई उंबऱ्यात बसून एक डोळा झाकत होती आणि दुसरा उघडत होती.

"पंचशीला," ती म्हणाली. महिन्याभरात तिनं पहिल्यांदाच नावानं हाक मारली होती. "उजव्या डोळ्यापुढं पडदा आल्यावानी झालं गं. आता दिसायलंय."

आता दिसतंय म्हणून पंचशीला थांबली नाही. तिनं पायातली चप्पलही काढली नाही. सासूला घेऊन ती तशीच नांदेडच्या गाडीत बसली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आधी डोळे तपासले. मग कानशिलावर अलगद बोट ठेवलं. सरजाबाईच्या तोंडून हाय निघाली. तिथली शीर दोरीसारखी टणक लागत होती.

"जेवताना जबडा भरून येतो का?"

"हाव," सरजाबाई चकित होऊन म्हणाली. "तुमाला कसं कळलं?"

"कातडीला काही झालेलं नाही, आजी. ही शीर सुजलीय. हा आजार म्हाताऱ्या माणसांना होतो. आधी डोकं हुळहुळतं, मग जबडा दुखतो, आणि मग डोळा जातो. गेलेला डोळा परत येत नाही." त्या पंचशीलाकडे वळल्या. "आजच आणलंत, बरं केलंत. रक्ताच्या रिपोर्टची वाट बघत नाही, औषध लगेच सुरू करते."

सलाईनमधून औषध सुरू झालं. गोळ्या पुढं कितीतरी महिने घ्यायच्या, आपल्या मनानं एकही बंद करायची नाही, असं त्यांनी बजावून सांगितलं. कातडी निवेपर्यंत केस आवळून बांधायचे नाहीत, मोठ्या दातांचा कंगवा वापरायचा, तोही हलक्या हातानं.

तिसऱ्या दिवशी सरजाबाई उशीवर डोकं टेकून गाढ झोपली. उठली ती भूक लागली म्हणत. पंचशीलानं भाकर पुढं ठेवली. सरजाबाईनं ती न थांबता खाल्ली. ते बघता बघता पंचशीलाचा इतक्या दिवसांचा ताण सुटला आणि तिला रडूच आलं.

"कधीपासून दुखत होतं, आत्याबाई?"

"ते पाहुणे येऊन गेले न्हाई का, त्याच्या दुसऱ्या दिसापासून. तू फणी घातली की डोळ्यातून पाणी यायचं."

"मग पंधरा दिवस रोज माझ्यापुढं येऊन बसत होत्या! एका शब्दानं बोलल्या का न्हाईत?"

सरजाबाईनं तिच्याकडं बघितलं नाही. ताटातला कण बोटानं टिपत ती म्हणाली,

"मला वाटलं, तू रागानं वढून राहिलीस. चारचौघांत बोललेच होते मी तसं. म्हणलं, वढू दे लेकराला, राग तरी निघून जाईल."