सलामीचा हात

सन २०७१च्या चैत्रात, कोल्हापुरातील एका खेळघरात, वृद्ध पैलवान सर्जेराव नातीच्या आग्रहास्तव पडद्यासमोर उभे राहिले. गुहेतून अंतिम राक्षस निघाला. त्याने चिमूटभर माती कपाळी लावून कुस्तीआधीच्या सलामीसाठी हात पुढे केला. सर्जेराव शहारले. ही लकब त्यांच्या दिवंगत वस्तादांची! कुस्तीविद्या जपण्याच्या नावाखाली नोंदवलेले वस्तादांचे मन खेळ बनवणाऱ्या कंपनीने राक्षसाच्या अंगी घातले होते.

“आबा, हात पुढं आला की हाणा! सगळे असंच जिंकतात.”

“आणि तो हात मागं घेत न्हाई?”

“कधीच न्हाई. येडाय तो!”

सर्जेरावांनी हातातले खेळाचे हत्यार फेकून दिले.

“थू! सलामीच्या हातावर वार करून जिंकायचं? पोरी, हा खेळ माणसांचा न्हवं.”