थंड पेटी

हारुनने छोटा हत्ती टेम्पो उलटा घेत दारापर्यंत आणला आणि मागचा फळका खाली सोडला. आत शवपेटी होती. वर काचेचं झाकण, खाली मोटर, बाजूला गुंडाळलेली वायर. ओसरीवर बसलेल्या बायका माना वळवून पेटीकडे पाहू लागल्या.

भागवत सर बाहेर आले. त्यांच्या बायकोला, दुर्गाबाईंना, जाऊन तीन तास झाले होते. मे महिना, दुपारचे बारा. मुलगी आकांक्षा गुवाहाटीला नर्स होती. मिळेल त्या विमानाने निघाली तरी तीर्थपुरीजवळच्या या गावात पोचायला तिला उद्याची दुपार होणार होती. तोवर आईला ठेवायचं तर पेटीशिवाय इलाज नव्हता.

“कुठं लावू सर? आत, की हितंच?” हारुनने विचारलं.

सर बोलायच्या आत त्यांची सून दैवशाला उंबऱ्यात येऊन उभी राहिली. तिच्या खांद्यावर चार वर्षांचा आर्यन मान टाकून पडला होता. चार दिवस झाले, त्याचा ताप हटत नव्हता. अंबडच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला घेतलं होतं, रिपोर्ट संध्याकाळी यायचा होता.

“मामा, पेटी घरात नको. दारातही नको.”

ती असं का म्हणतेय ते जमलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं. पेटी ज्या घरात जाते त्या घरी महिन्याच्या आत पुन्हा येते, असं गाव म्हणायचं. कडूबाचा बाप गेला आणि पंधरा दिवसांत भाऊ. सोनूबाईचा नवरा गेला, मागोमाग पोरगा. आणि ही पेटी गावात आणली होती भागवत सरांनीच, खटपट करून. तीस वर्षं विज्ञान शिकवलेले सर पारावर बसून ज्याला त्याला समजावत : कडूबाचा भाऊ दारूने गेला, सोनूबाईचा पोरगा मोटारसायकलवरून पडला. पेटी आणखी दहा घरांत जाऊन आली, तिथं कोण मेलं ते सांगा.

“तीन साल झाले सर, मी ही पेटी वाहून राह्यलो,” हारुन म्हणाला. “माझ्या घरात झालं का काही? तुम्हीच तर सांगता लोकांना.”

“भाऊ, तुमच्या घरात तिचं झाकण उघडलंय का कधी?” दैवशाला म्हणाली.

तिचा नवरा सुमित भिंतीला टेकून उभा होता. त्याने बापाकडे पाहिलं नाही, बायकोकडेही पाहिलं नाही.

“अगं, फ्रीज आहे तो,” सर म्हणाले. “लोखंड आणि काच. त्याला कुणाचं घर काय कळतं? उद्या पोरगी येईल, तिला आईचं तोंड तरी…”

बोलता बोलता त्यांनी आर्यनच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ भाजत होतं. हात तसाच राहिला.

“जल्दी करा सर,” हारुन हळू आवाजात म्हणाला. “ऊन लई हाय. उतरवू ना?”

“घेऊन जा.”

“काय?”

“परत घेऊन जा, हारुन. दिवस मावळायच्या आत उरकून टाकू.”

हारुन गाडीच्या मागे गेला. मग त्याने फळका उचलून कडी लावली. दैवशाला आर्यनला घेऊन आत गेली. गाडी गल्लीतून वळून गेली.

सर उंबऱ्यात आले. आतल्या खोलीत सोनूबाई दुर्गाबाईंच्या उशाशी बसल्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला.

“मालक गेले त्या दिवशी मी बी पेटी नकोच म्हणत होते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही तासभर बसून समजावलं मला. सर, माझ्या वेळी काय येगळं होतं?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरोखर विचारत होत्या.

तेवढ्यात सरांच्या खिशातला फोन वाजला.

“पप्पा, पेटी आली का?” आकांक्षाच्या मागे विमानतळाची घोषणा चालू होती. “उद्या दुपारपर्यंत पोचेन असं तिकीट मिळालंय. आईला पेटीत ठेवलं ना?”

“लाईट न्हाई बेटा,” सर म्हणाले. “सकाळीच डीपी जळाली. पेटी चालत न्हाई.”

“जनरेटर?”

“पाहिलं. न्हाई मिळालं कुठं.”

पलीकडे पुन्हा घोषणा झाली.

“मंग थांबू नका,” ती म्हणाली. रोज मरणं पाहणारी पोरगी होती, उन्हात काय होतं ते तिला सांगावं लागलं नाही. “फक्त मला एकदा पाहू द्या पप्पा. व्हिडिओ कॉल करा. आत्ता.”

“करतो. दोन मिनिटं दे.”

सर आतल्या खोलीत आले. छताचा पंखा पूर्ण वेगात फिरत होता. त्याच्या वाऱ्याने दुर्गाबाईंच्या कपाळावरची एक बट कुंकवावरून सारखी उडत होती. सरांनी एकदा वर पाहिलं. सोनूबाई त्यांच्याकडेच पाहत होत्या, बाकीच्या बायकाही.

त्यांनी भिंतीशी जाऊन बटण बंद केलं. पाती थांबेपर्यंत ते तिथंच उभे राहिले. बट हळूहळू निपचित पडली. मग त्यांनी फोन लावला.