डिकीतला दिवा

ओहायोतल्या त्या भंगार अड्ड्यावर गाडी चेपण्याआधी डिकीच्या झाकणातलं पाऱ्याचं बटण काढून घेतात. झाकण उचललं की त्यातला थेंब घरंगळतो आणि दिवा लागतो. हा विषारी पारा नदीत जाऊ नये अशी सरकारची सक्त ताकीद आहे. माणसांबद्दल अशी काही ताकीद नाही.

दोन वर्षांपूर्वी नदीकाठी रिकामी सापडलेली, बेपत्ता टेसाची गाडी शेवटी तिथेच आली. बटणं काढायचं काम तिच्या बापाचं, व्हर्लिनचं.

"मी काढतो. तू जा, कॉफी पी," जोडीदार ओडेल म्हणाला.

"माझ्या पोरीची गाडी आहे. मीच काढणार."

व्हर्लिनने डिकी उघडली. आत अंधार, आणि काही नाही. बंद केली, तर फटीतून पिवळा उजेड आला.

"बटण उलटं बसवलंय कुणीतरी," ओडेल म्हणाला.

"बॅटरी तूच काढलीस ना सकाळी?"

ओडेलने बॅटरीच्या रिकाम्या जागेकडे एकदा पाहिलं. मग हळूच म्हणाला, "काढून टाक, गड्या. यंत्रवाला खोळंबलाय."

टेसा परत येईल असं म्हणणारा गावात आता व्हर्लिन एकटाच उरला होता. लोकांनी आणखी हसायला नको, म्हणून त्याने पुन्हा डिकी उघडली, बटण उपटलं आणि झाकण आदळलं.

उजेड गेला.

"झालं. सुटलास," ओडेल म्हणाला.

तेवढ्यात झाकणाच्या आतल्या बाजूने बोटं फिरू लागली. बटण होतं त्या जागी येऊन ती थांबली, आणि पुन्हा पहिल्यापासून चाचपू लागली.