चौथ्या बेटावरचा भुंगेरा

शिरीषने चहाच्या कपांमध्ये शाम्पूची चिमुकली बाटली ठेवली. आत व्होडकात काळा भुंगेरा पाय आखडून पडला होता. लोक बहिणीला साडी देतात. या घराची ही तऱ्हा.

मेधा नेदरलँड्समधल्याच युट्रेख्टहून न्यूनेनला भावाकडे आली होती, आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. जुलैत सांगलीला आई अत्यवस्थ झाली, तेव्हा मेधाचं रेसिडेन्स कार्ड नूतनीकरणात अडकलेलं. शिरीषकडे डच पासपोर्ट होता, पण त्याला नेमका कोविड झाला. व्हिडिओवर तो असा खोकला, की ऑक्सिजनच्या मास्कमागून आईनेच सांगितलं, "येऊ नकोस. जप." सोळा तारखेला ती गेली. त्या खोकल्यासाठी मेधाने आज ज्येष्ठमध आणला होता.

तिने भिंग लावलं. चहा निवला. याच जातीमागे तिची चार वर्षं गेली होती. भूमध्य समुद्रातल्या तीन बेटांवर हा भुंगेरा सापडला होता. चौथ्यावर असणार, असं ती एकटीच म्हणत होती. शोधायला जायचे दोन्ही उन्हाळे लॉकडाऊनने खाल्ले. डिसेंबरात विद्यापीठातली नोकरी संपणार होती.

"कुठला रे हा?"

शिरीषने नाव सांगितलं. बेट चौथं होतं.

"दादा, नोकरी वाचली माझी. कुणी पकडला?"

"ऑफिसातला एक जण सुट्टीला गेला होता. मी सांगून ठेवलेलं, दगड उलटून बघ म्हणून."

"नंबर दे त्याचा. तारीख विचारते."

"टाक की कुठलीही. भुंगेरा काय साक्षीला येणारे?"

"पकडणाऱ्याचं नाव आणि खरी तारीख नसेल, तर हा नुसता मेलेला किडा." तिने बाटली उचलली आणि कचऱ्याच्या डब्याकडे निघाली.

खोटं बोलताना शिरीष कधी अडखळत नसे. पण बहिणीवर त्याचा जीव होता, तिथे घात झाला.

"थांब. मीच पकडला."

"तू? कधी?"

"सोळा जुलै."

मेधा परत येऊन बसली. ज्येष्ठमधाची पुडी तिने पर्समध्ये टाकली. मग कागदाच्या चिठोऱ्यावर बारीक अक्षरात बेट लिहिलं, तारीख लिहिली, भावाचं पूर्ण नाव लिहिलं.

काहीतरी बोलायला हवं म्हणून शिरीष म्हणाला, "याला पंख नसतात ना गं? मग समुद्र ओलांडून तिथे पोचला कसा?"

"पोचायचं असलं की पोचतात, दादा."